पेंग: मनाचा दोष की शरीराचा धर्म

साधनेला बसलेल्या माणसाला पेंग येते. ती त्याच्या मनाची मलिनता मानायची की थकलेल्या शरीराचा धर्म, हा प्रश्न भारतीय धर्मविचारात जुना आहे आणि तो सर्वांत काटेकोरपणे मांडला गेला तो बौद्ध परंपरेत. ध्यानाच्या आड येणाऱ्या पाच नीवरणांत कामच्छंद, व्यापाद, उद्धच्च-कुक्कुच्च आणि विचिकिच्छा यांच्या पंक्तीला थीन-मिद्ध बसवलेले आहे. थीन म्हणजे चित्ताचा जडपणा, मिद्ध म्हणजे पेंग, गुंगी. बाकीची चार नीवरणे उघडच मनाची आहेत. वासना, द्वेष, अस्वस्थता आणि संशय यांचा दोष कोणी पायांच्या थकव्यावर टाकत नाही. पेंगेचे तसे नाही. सकाळभर भिक्षेसाठी चालून आलेल्या भिक्षूचे डोळे मिटू लागले, तर त्यात त्याच्या चित्ताचा अपराध किती?

अर्हताच्या बाबतीत या प्रश्नाला धार येते. ज्याचे सारे क्लेश संपले त्याच्यात नीवरण उरता कामा नये. मग अर्हत झोपतो कसा? मज्झिमनिकायातील महासच्चकसुत्तात सच्चक नावाचा वादपटू बुद्धांना थेट विचारतो, की दिवसा झोपल्याचे आपल्याला आठवते काय? बुद्ध नाकारत नाहीत. उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात, भोजनानंतर, संघाटीची (वरच्या चीवराची) घडी घालून उजव्या कुशीवर आपण झोप घेतली होती, असे ते सांगतात. काही श्रमण-ब्राह्मण याला मोहात राहणे म्हणतात, असा टोमणा सच्चक मारतो. त्यावर बुद्ध मोहाची कसोटी झोपेवर ठेवतच नाहीत. आस्रव, म्हणजे चित्ताला मलिन करणारे दोष, क्षीण झाले आहेत की नाहीत, यावर ठेवतात.

या उत्तराचा अर्थ लावताना श्रीलंकेतील अनुराधपुरात दोन विहारांचे मतभेद झाले. अभयगिरी विहाराच्या परंपरेने मिद्धाची गणना रूपात, म्हणजे भौतिक धर्मांत केली. उपतिष्याच्या नावावर असलेल्या ‘विमुत्तिमग्ग’ या ग्रंथात हे मत येते. त्याचे मूळ आज उपलब्ध नाही. सहाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या चिनी भाषांतरामुळे तो टिकला. त्यात पेंगेचे तीन प्रकार सांगितले आहेत: आहारातून येणारी, ऋतुकाळातून येणारी आणि चित्तातून येणारी. यांपैकी फक्त तिसरी नीवरण होय. पहिल्या दोन अर्हतालाही येतात आणि त्यात काही वावगे नाही. महाविहाराला हे मान्य नव्हते. पाचव्या शतकात बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्गा’त मिद्ध-रूपाची कल्पना नाकारली. ज्याचा त्याग करायचा ते नीवरण भौतिक वस्तू असू शकत नाही, अशी त्या परंपरेची बाजू होती. अर्हताची झोप तिनेही नाकारली नाही. शरीराचे दौर्बल्य अर्हतालाही असते, त्यातून झोप येते, मात्र तिला मिद्ध म्हणायचे नाही, एवढेच तिचे म्हणणे. म्हणजे पेंगेला शरीराचे एक अंग आहे, हे दोन्ही विहारांना मान्य होते. वाद होता तो सीमारेषेचा.

अशी विभागणी बौद्धांपुरती राहिली नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात झोपेची वर्गवारी उगमावरून केलेली आहे: तमापासून होणारी, कफापासून होणारी, मन व शरीर यांच्या श्रमातून येणारी, आगंतुक, व्याधीमागून येणारी आणि रात्रीच्या स्वभावाने येणारी. शेवटची प्राणिमात्रांचे पोषण करते, म्हणून तिला भूतधात्री म्हटले आहे. तमापासून होणारी मात्र पापाचे मूळ ठरवली आहे. त्याच संहितेत आहार आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबर झोप ही शरीराच्या तीन उपस्तंभांपैकी एक आहे. गीतेतही दोन्ही सूर आहेत. चौदाव्या अध्यायात प्रमाद आणि आलस्य यांच्याबरोबर निद्रा ही तमाची बेडी म्हणून येते. सहाव्यात अतिझोप घेणाऱ्याइतकाच अतिजागरण करणाराही योगाला अपात्र ठरतो. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकातला नववा समास निद्रेच्या निरूपणाला दिला. जांभया, डुकल्या, घोरणे यांचे त्यांनी केलेले वर्णन इतके बारीक आहे, की त्यामागे रात्रीच्या निरूपणांत बसलेल्या श्रोत्यांचे प्रत्यक्ष निरीक्षण असावे असे वाटते. पुढचाच समास श्रोत्यांच्या अवलक्षणांचा आहे.

या सर्व ग्रंथकारांकडे एक गोष्ट नव्हती: शरीरातून येणारी पेंग मेंदूपर्यंत नेमकी कशी पोहोचते, याचा माग. तो विसाव्या शतकात लागू लागला. 1909 मध्ये जपानमध्ये कुनिओमी इशिमोरी यांनी आणि 1913 मध्ये फ्रान्समध्ये रने लजान्द्र व आन्री पिएरों यांनी जवळजवळ सारखाच प्रयोग केला. जागरण घडवलेल्या कुत्र्यांच्या मेंदूतला द्राव किंवा अर्क विश्रांती घेतलेल्या कुत्र्यांना टोचला, तेव्हा ते झोपी गेले. जागेपणी मेंदूत काहीतरी साठते आणि तेच झोप आणते, हा तर्क तिथून रूढ झाला. ते काहीतरी कोणते, हे ठरायला मात्र पुष्कळ वर्षे गेली.

1929 मध्ये केंब्रिजमध्ये ड्रुरी आणि सेंट-ज्यॉर्जी यांनी, पुढे या शोधाच्या केंद्रस्थानी आलेल्या ॲडेनोसिन या रसायनाचा हृदयावरचा परिणाम दाखवला: ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात. 1954 मध्ये फेल्डबर्ग आणि शेरवूड यांनी मांजरांच्या मेंदूतल्या पोकळीत ॲडेनोसिन सोडले, तेव्हा मांजरे झोपेसारख्या अवस्थेत गेली. 1970 मध्ये सॅटिन आणि रॉल यांनी गिनीपिगच्या मेंदूच्या कापांवर दाखवले, की ॲडेनोसिनमुळे पेशींतील सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो, आणि कॅफीन व थिओफिलिन हा परिणाम रोखतात. त्यामुळे ॲडेनोसिनसाठी पेशीच्या पृष्ठभागावर खास रिसेप्टर असला पाहिजे, आणि चहा-कॉफीतला उत्तेजक पदार्थ नेमका तोच अडवत असला पाहिजे, या निष्कर्षाची वाट मोकळी झाली.

आज असे चार रिसेप्टर माहीत आहेत: ए1, ए2ए, ए2बी आणि ए3. चारही जी-प्रथिनांच्या मार्फत काम करतात. ॲडेनोसिन बाहेरून रिसेप्टरला चिकटते, रिसेप्टरचा आकार बदलतो, आतल्या बाजूचे जी-प्रथिन सुटे होते आणि संदेश पेशीत उतरतो. ए1 आणि ए3 सायक्लिक एएमपी कमी करतात, ए2ए आणि ए2बी वाढवतात. मेंदूत सर्वत्र पसरलेला ए1 पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतो आणि कॅल्शियमच्या वाहिन्यांना लगाम घालतो. परिणामी चेतापेशी शांत होते आणि शेजारणीला रसायनेही कमी पाठवते. ए2ए मुख्यतः मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम या भागात, इच्छा आणि हालचाल यांच्या केंद्रांत दाट आहे आणि तिथे डोपामाइनच्या डी2 रिसेप्टरच्या विरोधात काम करतो. 2008 मध्ये ए2एची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा औषधाचा रेणू त्याच्या कुठल्या खाचेत बसतो हेही दिसले.

धर्मविचाराच्या दृष्टीने यात सर्वांत महत्त्वाचे आहे ते ॲडेनोसिनचे मूळ. इतर अनेक संदेशवाहक रसायनांसारखे ते पिशव्यांत भरून ठेवलेले नसते. पेशीचे ऊर्जाचलन असलेला एटीपी हा रेणू वापरला जातो, त्याचे तुकडे होतात आणि शेवटी ॲडेनोसिन उरते. चेतापेशींना आधार देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशीही एटीपी बाहेर सोडतात आणि त्याचे बाहेरच ॲडेनोसिन होते. म्हणजे जागेपणीची प्रत्येक कृती, मग ती जप असो, पठण असो किंवा ध्यान, हे अवशेष मागे ठेवत जाते. 1997 मध्ये टार्या पोर्का-हाइस्कानेन आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या अग्रमेंदूच्या तळभागातून द्रावाचे सूक्ष्म नमुने घेतले. मांजरांना जागे ठेवले की तिथले ॲडेनोसिन चढत गेले, आणि झोपू दिल्यावर उतरले. ॲलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये झोपेची दोन अंगे मांडली होती: दिवसरात्रीचे आवर्तन आणि जागेपणाबरोबर वाढणारा झोपेचा दाब. त्यातल्या दुसऱ्या अंगाला या प्रयोगाने एक ठोस रसायन मिळवून दिले. झोपेचा सारा कारभार एकट्या ॲडेनोसिनवर चालतो असे नाही. प्रोस्टाग्लँडिन डी2 आणि इतर रेणूही त्यात आहेत. पण श्रमाचा हिशेब ठेवणारे रसायन म्हणून ॲडेनोसिनइतका भक्कम पुरावा फार थोड्यांबाबत आहे.

इथवर पाहिले तर अभयगिरीचा विजय झाला असे वाटेल. बोर्बेलींची दोन अंगे आणि विमुत्तिमग्गातल्या निर्दोष पेंगेची दोन मुळे यांतले साम्यही डोळ्यांत भरते, कारण काळाने येणारी झोप दोन्हीकडे वेगळी काढलेली आहे. तरी हे साम्य ताणू नये. विमुत्तिमग्गाच्या कर्त्याने अनुभवातून वर्गवारी केली, प्रयोगशाळेने रेणू मोजले. एकाने दुसऱ्याचे भाकीत केलेले नाही.

कॅफीनच्या निमित्ताने साधना आणि जागरण यांचा प्रश्न इस्लामी जगातही उभा राहिला होता. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या ज़िक्रसाठी, म्हणजे ईश्वरस्मरणासाठी, जागे राहायला कहवा, म्हणजे कॉफी, पीत. पेय मक्केत आणि कैरोत पोहोचले. 1511 मध्ये मक्केचा ममलूक अधिकारी खैर बेग याने धर्मशास्त्रज्ञांची सभा भरवून कहव्यावर बंदी आणली. कैरोहून आलेल्या हुकमाने ती पुढे सैल झाली. अब्द अल-कादिर अल-जज़ीरी याने 1558 च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात या वादाची हकीकत आहे. वादाचा कायदेशीर मुद्दा होता, कहवा मद्यासारखा बुद्धीला झाकतो काय? तो झाकत नाही, हे आज निःशंक सांगता येते. पण त्याहून खोल असा दुसरा प्रश्न त्या सभेपुढे नव्हता: पेल्याच्या बळावर केलेले जागरण साधकाचे स्वतःचे म्हणायचे काय?

कॅफीन कसे काम करते ते पाहिले की या प्रश्नाचे स्वरूप बदलते. कॅफीनचा रेणू ॲडेनोसिनच्या रिसेप्टरवर बसतो, पण त्याला चालू करत नाही. एसटीच्या सीटवर रुमाल टाकून जागा अडवावी, तसे ते आहे: प्रवासी बसलेला नाही, पण दुसऱ्याला बसताही येत नाही. बाहेर ॲडेनोसिन साठतच राहते. शरीरातून निम्मे कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमीजास्त. ते उतरले की थांबलेला संदेश पोहोचतो. म्हणून कहव्याने साधकाला नवे बळ दिले असे म्हणता येत नाही. शरीराचे एक निवेदन काही तास त्याच्यापर्यंत येऊ दिले नाही, एवढेच. विमुत्तिमग्गाच्या भाषेत, जी पेंग मुळात दोष नव्हतीच तिला कहव्याने बाजूला सारले. येमेनच्या सूफींनी त्यात काही गैर केले असे मानायला कारण दिसत नाही. ज़िक्रमधली निष्ठा त्यांची होती आणि तिला हवी असलेली रात्र त्यांनी शरीराकडून उसनी घेतली.

आता या मांडणीतली खरी अडचण. कॅफीन नेमक्या कोणत्या रिसेप्टरमार्फत जागे ठेवते, हे 2005 मध्ये उंदरांवर तपासले गेले. ए1 नसलेले उंदीर कॅफीनने जागे राहिले. ए2ए नसलेल्या उंदरांवर त्याचा काहीच परिणाम झाला नाही. 2011 मध्ये हे ए2ए मेंदूत कुठले, याचाही शोध लागला: न्यूक्लियस अक्युम्बेन्स या गाभ्याच्या बाह्य कवचातले. हे केंद्र केवळ झोपेचे नाही. एखाद्या गोष्टीची ओढ वाटणे, तिच्यासाठी कष्ट घ्यावेसे वाटणे, हे तिथल्या डोपामाइनवर अवलंबून असते. 2017 मध्ये जपान आणि चीनमधल्या संशोधकांनी याच गाभ्यातल्या ए2ए-युक्त पेशी कृत्रिमरीत्या चेतवल्या, तेव्हा उंदरांना गाढ झोप लागली. उलट ओढ लावणारी वस्तू किंवा जोडीदार समोर ठेवला तेव्हा या पेशींचे काम मंदावले आणि उंदीर जागे राहिले.

उंदरांवरून माणसाच्या साधनेबद्दल किती बोलावे, याला मर्यादा आहे. तरीही या शोधाचे वजन मोठे आहे. रस हरवला की पेंग येते आणि रस वाटला की थकलेला माणूसही जागा राहतो, हा कीर्तनात बसणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव. त्या अनुभवालाही पेशींमध्ये जागा सापडली, आणि ती श्रमाच्या रसायनाचा रिसेप्टर धारण करणाऱ्या पेशींतच सापडली. चित्तातून येणारी पेंग आणि देहातून येणारी पेंग मेंदूत निदान एका वाटेवर एकत्र येतात.

याचा परिणाम दोन्ही विहारांच्या मतांवर होतो. एखादी गोष्ट भौतिक आहे म्हणून ती मनाची नाही, हे अभयगिरीचे गृहीतक टिकत नाही, कारण निरिच्छतेची पेंगही तितकीच भौतिक निघाली. त्यागायोग्य गोष्ट भौतिक असूच शकत नाही, हे महाविहाराचे गृहीतकही त्याच कारणाने ढासळते. टिकते ती विमुत्तिमग्गाची आणि चरकाची रीत: पेंग कशाची बनली आहे हे न विचारता ती कुठून उगवली हे विचारणे. सोळा तासांच्या श्रमाने साठलेले ॲडेनोसिन आणि विषयाकडे पाठ फिरवल्याने सैल झालेली ओढ यांचा शेवट एकाच रिसेप्टरपाशी होत असेल, पण पहिल्यावर साधकाचा ताबा फार थोडा आणि दुसऱ्यावर बराच असतो. धर्माने दोष म्हणायचा तो या ताब्याच्या प्रमाणात. रसायनशास्त्र आले म्हणून जबाबदारी संपली, असे मानणाऱ्यांनी हा भेद विसरता कामा नये. आणि सरसकट प्रत्येक जांभईला तमोगुण ठरवणाऱ्या उपदेशकांनी तर मुळीच विसरू नये. थकलेल्या माणसाला पापी ठरवणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

अन्यायाचा आणखी एक पैलू जनुकांनी पुढे आणला. ॲडेनोसिनचे विघटन करणाऱ्या ॲडेनोसिन डीॲमिनेज या विकराच्या जनुकात एक लहान फरक काही लोकांत जन्मतः असतो. 2005 मध्ये झुरिकच्या संशोधकांना आढळले, की हा फरक असलेल्या माणसांची झोप अधिक गाढ असते. ए2एच्या जनुकातले फरक कॅफीनच्या संवेदनशीलतेशी जोडले गेले आहेत. एकाच सभामंडपात एकादशीच्या जागराला बसलेले दोन भक्त सारखीच निष्ठा घेऊन आले, तरी पहाटेपर्यंत त्यांना मोजावी लागणारी किंमत सारखी नसते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र एकाचे ताठ बसणे आणि दुसऱ्याची लवलेली मान एवढेच दिसते.

आतून पाहणाऱ्यालाही सगळे दिसते असे नाही, आणि ध्यानपरंपरांसाठी ही बाब अधिक गंभीर आहे. 2003 मध्ये अमेरिकेत व्हॅन डाँगन आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना सलग 14 दिवस रोज चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिले. चार आणि सहा तासांच्या गटांची लक्ष देण्याची क्षमता रोज घसरत गेली. ती घसरण दोन रात्री अजिबात न झोपल्यासारख्या अवस्थेपर्यंत जाऊ शकते असे दिसले. पण स्वतःला किती झोप येते आहे, या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे थोड्याच दिवसांत जवळजवळ स्थिरावली. ते अधिकाधिक मंदावत होते आणि त्यांना तसे वाटत नव्हते. पेंग ओळखण्याचे साधन चित्त, आणि पेंग पहिल्यांदा मंद करते तेही चित्तच. स्वतःच्या निरीक्षणावर सारी भिस्त ठेवणाऱ्या कोणत्याही साधनेला या मर्यादेची दखल घ्यावी लागते.

जुन्या परंपरांच्या व्यवहारात ही दखल आहे, जरी तिची कारणमीमांसा त्यांच्याकडे नव्हती. झेन ध्यानगृहात क्योसाकु नावाची चपटी काठी घेतलेला भिक्षू रांगांमधून फिरतो आणि डुलणाऱ्याच्या खांद्यावर ती मारतो. पेंग ओळखण्याचे काम तिथे दुसऱ्याच्या डोळ्यांकडे सोपवलेले आहे. पाली सुत्तांतील जागरियानुयोगात रात्रीचे तीन प्रहर ठरवून दिले आहेत: पहिल्यात चंक्रमण (येरझारा) आणि बैठक, मधल्यात झोप, शेवटच्यात पुन्हा चंक्रमण आणि बैठक. झोपेची वेळ साधकाच्या त्या घटकेच्या मतावर सोडलेली नाही. गाढ झोपेचा मोठा वाटा झोपेच्या सुरुवातीच्या तासांत येतो, त्यामुळे मधल्या प्रहरात झोपेच्या दाबाचा बराच भाग उतरतो. पण व्हॅन डाँगन यांच्या प्रयोगावरून पाहता एवढी झोप बहुतेकांना दीर्घकाळ पुरणारी नाही. भिक्षुजीवनाबाहेरच्या साधकांवर हा नियम लादणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे.

बुद्धांनी मोग्गल्लानाला केलेला उपदेश या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. मगधातील कल्लवाळमुत्त गावी ध्यानाला बसलेला मोग्गल्लान पेंगत होता. अंगुत्तरनिकायातील सुत्तात त्याला उपायांची चढती यादी मिळते: ज्या विचारात पेंग आली तो सोडावा; ऐकलेल्या धर्माचे चिंतन करावे; तो मोठ्याने म्हणावा; कान ओढावेत, अंग चोळावे; उठून डोळ्यांवर पाणी घ्यावे, दिशा आणि नक्षत्रे पाहावीत; मनात प्रकाशाची जाणीव धरावी; येरझारा घालाव्यात. पहिले उपाय ओढ पुन्हा जागवणारे, म्हणजे चित्ताच्या पेंगेवरचे आहेत, पुढचे शरीराला धक्का देणारे. एवढ्यानेही पेंग गेली नाही, तर उजव्या कुशीवर सिंहशय्येत, उठण्याची वेळ मनाशी धरून झोपावे, असे शेवटी सांगितले आहे. आधीचे सारे उपाय हरले, की उरलेली पेंग कोणत्या मुळाची आहे याचा निर्णय या क्रमानेच होतो. साठलेले ॲडेनोसिन जपाने किंवा पाण्याच्या हबक्याने उतरत नाही. ते उतरवण्याचा मार्ग झोप हाच आहे, आणि या उपदेशात झोपेला त्याच जागी ठेवलेले आहे.